दोन चाव्यांची तिजोरी

१९३० च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, झोलबर्ग नावाच्या डोंगरावर, शंभरेक फ्रेंच आणि जर्मन तरुण एकत्र राहिले. पहिलं महायुद्ध संपून बाराच वर्षं झाली होती. पोरांनी एकत्र जेवणं केली, गाणी म्हटली, रात्री उशिरापर्यंत वाद घातले. शिबिराचा कर्ता ओटो आबेट्झ हा कार्लस्रूऽचा चित्रकला शिक्षक. वय सत्तावीस, उत्साही, फ्रेंच संस्कृतीवर जीव टाकणारा. फ्रेंच बाजूचा त्याचा जोडीदार म्हणजे तरुण पत्रकार ज्याँ लुशेर. पुढे आबेट्झने लुशेरच्या सेक्रेटरीशी लग्नही केलं. मैत्रीचं याहून चांगलं उदाहरण कुठून आणणार?

दहा वर्षांनी, १९४० मध्ये, हाच आबेट्झ जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये हिटलरचा राजदूत म्हणून दाखल झाला. झोलबर्गच्या ओळखी त्याच्या कामी आल्या. लुशेर जर्मनांच्या कलाने वृत्तपत्र चालवू लागला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, देशद्रोहाच्या आरोपाखाली फ्रान्सने त्याला गोळ्या घातल्या, आणि आबेट्झला १९४९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा सुनावली.

शत्रुराष्ट्रांतल्या तरुणांना एकत्र आणण्याविषयी कुणी उमाळ्याने बोलू लागलं की मला झोलबर्ग आठवतं. पोरं भेटली, मैत्री झाली, ती खरीही होती. तिच्यामागची व्यवस्था मात्र एका माणसाच्या हातात होती. माणूस फिरला तेव्हा मैत्रीही त्याच्या मागे गेली.

त्याच दोन देशांनी १९६३ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला आणि तो आजही चालू आहे. नव्वद लाखांहून जास्त तरुण त्यातून गेले. मधल्या तीस वर्षांत माणसं काही सुधारली नव्हती, उलट आणखी एक युद्ध होऊन गेलं होतं. मग बदललं काय, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

वैर किती जुनं होतं

हे वैर आपल्या गावातल्या बांधाच्या भांडणासारखं होतं. मूळ कारण विसरलं तरी बांध तिथेच. १८७०-७१, १९१४-१८ आणि १९३९-४५ अशी सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीन युद्धं झाली. अल्सास प्रांतात १८७० मध्ये जन्मलेला माणूस १९४५ पर्यंत जगला असेल, तर घराचा उंबरा न ओलांडता त्याचं राष्ट्रीयत्व चार वेळा बदललं. फ्रेंचचा जर्मन झाला, मग पुन्हा फ्रेंच, पुन्हा जर्मन आणि शेवटी पुन्हा फ्रेंच.

एकमेकांना खिजवायचंही शास्त्र झालं होतं. १८७१ मध्ये जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा केली ती व्हर्सायच्या आरसेमहालात, म्हणजे फ्रेंच राजांच्या घरात. १९१९ मध्ये फ्रान्सने जर्मनीला तहावर सही करायला लावली ती त्याच महालात. १९१८ चा युद्धविराम कोंपिएनच्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात झाला होता. १९४० मध्ये हिटलरने तोच डबा संग्रहालयातून बाहेर काढून त्याच जागी उभा करवला आणि फ्रेंचांकडून शरणागती लिहून घेतली. जर्मन भाषेत या नात्यासाठी खास शब्द होता, ‘एर्बफाइंड’. वडिलोपार्जित जमीन असते तसा हा वडिलोपार्जित शत्रू. पोरगं जन्मलं की वारशात मिळणारा.

जून १९४४ मध्ये नाझी एसएस तुकडीने फ्रान्समधलं ओरादूर हे गाव एका दुपारी संपवलं. बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून जाळलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. ते गाव आजही तसंच, पडक्या भिंती आणि गंजलेल्या मोटारींसह, राखून ठेवलं आहे. ‘झालं गेलं विसरून जा’ असं म्हणायची सोय इथे कुणालाच नव्हती.

सरकारांच्या आधी

सुरुवात अशा माणसांनी केली ज्यांना राग धरायचा सगळ्यात जास्त हक्क होता. या प्रकरणातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग हाच आहे.

जोसेफ रोवाँ म्युनिकमध्ये ज्यू मूळ असलेल्या घरात जन्मला. नाझी आल्यावर फ्रान्सला पळाला, तिथे प्रतिकार चळवळीत शिरला, पकडला गेला आणि डाखाउच्या छळछावणीत पोचला. तिथून जिवंत सुटून काही महिने होतात न होतात तोच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, त्याने फ्रेंच मासिकात लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की उद्याचा जर्मनी आपल्या लायकीचाच असेल, आपण आज तिथे जसं वागू तसा तो घडेल. ज्याँ दु रिवो हा जेसुइट पाद्रीही छावण्यांतून आलेला. त्याने १९४५ मध्येच ऑफेनबुर्गला केंद्र काढलं आणि दोन नियतकालिकं सुरू केली. एक फ्रेंच लोकांना जर्मनीविषयी सांगणारं, दुसरं जर्मन लोकांना फ्रान्सविषयी. लुसिएन ताराद्याँ हा मोंबेल्यारचा महापौर बुखेनवाल्ड छावणी भोगून आलेला. त्याच्या गावाने १९५० मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गशी संधान बांधलं. दोन्ही देशांमधलं गावागावांतलं हे पहिलं नातं. पुढे अशा जोडगावांची संख्या दोन हजारांच्या वर गेली.

त्याच १९५० मध्ये, ऑगस्टच्या ६ तारखेला, वेगवेगळ्या देशांचे तीनेकशे विद्यार्थी अल्सासमधल्या व्हिसेंबुर्गजवळच्या सीमेवर जमले आणि त्यांनी दोन्ही बाजूंचे आडवे दांडे उखडून पेटवून दिले. सीमाशुल्काच्या शिपायांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दांडे पुन्हा बसवले गेले असणार, यात मला शंका नाही. पण अशा सतरा गोष्टी दहा-बारा वर्षं चालू होत्या. पाद्री, मास्तर, फुटबॉलचे क्लब, कामगार संघटना, स्काउट यांचं ते काम होतं. सगळं पदरमोडीवर, ओळखीवर आणि कुणाच्या तरी सुट्टीवर चालायचं. सरकारं आली तेव्हा जमीन नांगरलेली होती. १९६३ चं सगळं श्रेय दोन म्हाताऱ्या नेत्यांना देणारी गोष्ट सांगायला सोपी असते, इतकंच.

गुलाब आणि याद्या

तरी त्या दोन म्हाताऱ्यांशिवाय पुढचं झालं नसतं. कॉनराड आडेनाउअर ऐंशीच्या पुढे गेलेला जर्मन चॅन्सलर. शार्ल द गॉल फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, जो पहिल्या महायुद्धात व्हर्दंच्या लढाईत जर्मनांच्या हाती सापडला होता आणि कैदेतून पाच वेळा पळायचा प्रयत्न करून पाचही वेळा फसला होता.

सप्टेंबर १९६२ मध्ये द गॉल जर्मनीच्या दौऱ्यावर गेला. ९ तारखेला लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या चौकात हजारो तरुणांपुढे तो उभा राहिला आणि जर्मनमध्ये बोलू लागला. भाषण त्याने पाठ केलं होतं. तरुण जर्मन असल्याबद्दल, एका थोर राष्ट्राची लेकरं असल्याबद्दल, मी तुमचं अभिनंदन करतो, असं तो म्हणाला. पुढे त्याने जोडलं की या राष्ट्राच्या हातून इतिहासात कधी कधी मोठ्या चुकाही झाल्या आहेत. युद्ध संपून सतराच वर्षं झाली होती. समोर बसलेल्यांनी आपल्या बापाविषयी घरात कुणाला काही विचारायचं नाही हे शिकत वय वाढवलं होतं. ‘थोर राष्ट्र’ हे शब्द त्यांना परक्याकडून, तेही फ्रेंच सेनानीकडून, ऐकायला मिळाले.

२२ जानेवारी १९६३ ला पॅरिसच्या एलिझे प्रासादात मैत्रीचा करार झाला. त्यातलं एक कलम वाचून मला गंमत वाटते. परराष्ट्रमंत्र्यांनी किमान तीन महिन्यांतून एकदा भेटायचं, पण दोन्हीकडच्या युवा खात्याच्या प्रमुखांनी किमान दोन महिन्यांतून एकदा. कागदावर का होईना, पोरांचं खातं परराष्ट्र खात्याच्या पुढे होतं. आणि त्याच करारात लिहिलं होतं की तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक संस्था काढायची, तिला स्वायत्त कार्यकारी मंडळ असेल आणि दोन्ही देशांचा मिळून एक सामाईक निधी असेल.

लगोलग राजकारणात मिठाचा खडा पडला. जर्मन संसदेने करार मंजूर करताना त्याला प्रस्तावना जोडली, अमेरिका, ब्रिटन आणि नाटोशी असलेलं नातं अबाधित राहील अशी. द गॉलला हवी होती अमेरिकेपासून वेगळी वाट. तो खट्टू झाला. जुलै १९६३ च्या सुरुवातीला तो म्हणाला की करार हे तरुणी आणि गुलाबांसारखे असतात, टिकतात तोवर टिकतात. आडेनाउअर गुलाबांचा नादी होता, र्‍हाइनकाठच्या घरी त्याने बाग फुलवली होती. गुलाबाइतकं चिवट झाड नाही, तो प्रत्येक हिवाळा काढतो, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं.

हा संवाद सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच आठवड्यात, ५ जुलैला, बॉनमध्ये झालेलं काम. फ्रँको-जर्मन युवा कार्यालयाच्या स्थापनेच्या करारावर सह्या झाल्या. नेत्यांचं बिनसलेलं असताना सह्या झाल्या. आडेनाउअर तर ऑक्टोबरात पायउतार झाला. आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या करतात, कोण काय देणार, मानपान कुणाचा, ते कागदावर उतरतं. व्याही नंतर रुसले तरी यादीतलं द्यावंच लागतं. जुलैचा तो करार म्हणजे याद्या होत्या.

तिजोरीची रचना

आता मुद्द्याचं. फ्रेंच या संस्थेला आपल्या आद्याक्षरांवरून ‘ओफाज’ म्हणतात, जर्मन ‘डे-एफ-योट-वे’. संस्था एक, नावं दोन, आणि कुणाचं आधी घ्यायचं हा वाद टाळायला प्रत्येकाने आपलं घ्यावं ही सोय. मी इथे ओफाज म्हणतो, ते उच्चारायला सोपं म्हणून. जर्मन वाचकाने रागावू नये.

पैसा निम्मा-निम्मा. जर्मनी लोकसंख्येने मोठा, पुढे तर जास्तच श्रीमंत झाला, तरी वाटा समान. जास्त देणारा जास्त बोलणार हे उघड असतं, म्हणून कुणी जास्त द्यायचंच नाही. मंडळावर दोन्हीकडची माणसं समान, आणि त्यात फक्त सरकारी अधिकारी नव्हेत, तर युवक संघटना आणि स्थानिक संस्थांचेही लोक. सुरुवातीला सरचिटणीस एका देशाचा असला की उपसरचिटणीस दुसऱ्या देशाचा, मग उलट. आता दोन सरचिटणीस बरोबरीने काम पाहतात. कचेरी आधी बॉनजवळ होती, आता पॅरिस आणि बर्लिन अशा दोन्ही ठिकाणी आहे. तिजोरीला दोन चाव्या, आणि दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही.

हे संथ आहे. दोन भाषा, दोन हिशेबपद्धती, दोन प्रकारचे सरकारी कागद. फ्रान्समध्ये शिक्षणाचे निर्णय पॅरिसहून होतात आणि जर्मनीत ते प्रत्येक प्रांताच्या हातात असतात, म्हणजे समोर बोलायला एक माणूसच नाही. कुणी व्यवस्थापनतज्ज्ञ आला तर अर्धी माणसं कमी करा म्हणेल. पण झोलबर्गच्या आबेट्झला वेगाने काम करता आलं होतं, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे ओफाज स्वतः सहली काढत बसत नाही. काम करायचं शाळांनी, क्रीडा मंडळांनी, जोडगावांच्या समित्यांनी, चर्चच्या गटांनी, नाटकमंडळींनी. ओफाज त्यांना अनुदान देते, कार्यकर्ते तयार करून देते आणि हिशेब तपासते. अनुदानासाठी दोन्ही देशांत जोडीदार हवा. एकट्या फ्रेंच गटाने जर्मनी बघून यायचं असेल तर ते पर्यटन, ते आपल्या पैशाने करावं. प्रवासखर्चाचं अनुदान अंतर आणि माणसं मोजून ठरतं. भाषण चांगलं झालं की नाही यावर ते अवलंबून नसतं.

याचा परिणाम फार मोठा झाला. मध्यम वयाचा एखादा गावातला हँडबॉलचा प्रशिक्षक, त्याला ना इतिहासात रस ना शांतता चळवळीत, पण पलीकडच्या गावच्या संघाशी सामना ठरवला तर बसचं भाडं सुटतं एवढं त्याला कळतं. तो अर्ज भरतो. अर्जासाठी पलीकडच्या प्रशिक्षकाला फोन करावा लागतो. मुलं कुणाच्या घरी उतरणार, जेवणाचं काय, एखादं पोरगं आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार, हे सगळं दोघांना मिळून ठरवावं लागतं. पुढच्या वर्षी परतफेडीची फेरी. तिसऱ्या वर्षी ती प्रथा होते. विश्वासाचा विषय कुणी काढलेलाही नसतो.

महामारीच्या आधीच्या वर्षांत साधारण दोन लाख तरुण दर वर्षी या व्यवस्थेतून जात होते. एवढ्या मोठ्या संख्येला केंद्रातून कुणी पुरं पडलं नसतं.

मुक्कामाच्या जागेचाही विचार आहे. एकाच्या घरी दुसरा गेला की यजमान आणि पाहुणा असं नातं तयार होतं, आणि पाहुण्याला जपून वागावं लागतं. म्हणून काही शिबिरं तिसऱ्याच जागी घेतात, जिथे दोन्ही गट परके असतात आणि चहा कुठे मिळतो हे कुणालाच ठाऊक नसतं. भाषेचंही तसंच. ‘टँडेम’ पद्धतीत एक फ्रेंच आणि एक जर्मन अशी जोडी लावतात. तास अर्धा एकाच्या भाषेत, अर्धा दुसऱ्याच्या. प्रत्येक जण अर्धा वेळ मास्तर आणि अर्धा वेळ ढ विद्यार्थी. चुकायची लाज वाटली तरी ती अर्ध्या तासाने फिटते.

पण सगळ्यात धाडसी प्रकार लांब मुक्कामाचा. २००० मध्ये सुरू झालेल्या व्होल्तेर कार्यक्रमात पंधरा-सोळा वर्षांची मुलं सहा महिने जोडीदाराच्या घरी राहतात, त्याच्या शाळेत जातात आणि नंतरचे सहा महिने तोच जोडीदार आपल्या घरी. ब्रिजित सोझे हिच्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमात हाच खेळ तीन-तीन महिन्यांचा आहे. सोझे ही नेत्यांच्या भेटीत दुभाषी म्हणून बसणारी, पुढे जर्मन चॅन्सलरची सल्लागार झालेली बाई.

सहा महिने म्हणजे पाहुणचार संपतो. पहिल्या पंधरवड्यात यजमान आई चांगलं-चुंगलं करते, दुसऱ्या महिन्यात ताट स्वतः धू म्हणते. जेवायची वेळ, दार बंद ठेवायचं की उघडं, मास्तरांना किती मान द्यायचा, अशा गोष्टींवर खटके उडतात. त्या खटक्यांना युद्धाशी काही देणंघेणं नसतं हाच फायदा. माझा जोडीदार आळशी आहे असं वाटणं आणि जर्मन आळशी आहेत असं वाटणं यात केवढं अंतर आहे! आणि आपली पाळी पुढे यायची आहे, उद्या तो आपल्या घरात असणार आहे, हे माहीत असल्याने हात जरा आखडता राहतो.

जे साधलं नाही

नुसती भेट पुरते असा भ्रम ओफाजच्या कार्यकर्त्यांचाही होता, आणि तो लवकर फिटला. बस उतरते, पहिल्या जेवणाला फ्रेंच एका टेबलावर आणि जर्मन दुसऱ्या टेबलावर. तीन दिवस तसेच गेले तर पोरं घरी जाऊन सांगतात, आपल्याला वाटत होतं तसेच आहेत ते. पूर्वग्रह घेऊन आलेली पोरं पुरावा घेऊन परततात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट याने १९५४ मध्येच म्हटलं होतं की गट भेटल्याने पूर्वग्रह कमी व्हायचा तर दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. ओफाजने मग दोन्ही देशांतल्या संशोधकांचे मिश्र गट बसवले, कार्यकर्त्यांना प्रशिक्षण सुरू केलं. आता पहिल्याच संध्याकाळी भाषेचे खेळ घेऊन टेबलं मोडतात.

दुसरी उणीव वर्गाची. भाषा शिकणारी, घरात पाहुण्याला खोली असणारी मुलं आपोआप पुढे येतात. सुतारकाम शिकणारा उमेदवार मागे राहतो. त्याच्यासाठी १९८० मध्ये सारब्रुकेनला व्यवसाय-शिक्षणातल्या देवाणघेवाणीची वेगळी यंत्रणा काढावी लागली. पूर्व जर्मनी तर १९९० पर्यंत या हिशेबातच नव्हता. फ्रान्समधल्या डाव्या नगरपालिकांनी तिकडच्या गावांशी स्वतंत्रपणे नाती जोडली होती तेवढीच.

आणि भाषा. साठ वर्षं झाली तरी दोन्हीकडे शेजाऱ्याची भाषा शिकणारे घटत आहेत. फ्रेंच मुलाला दुसरी परकी भाषा निवडायची असली तर तो बहुधा स्पॅनिश घेतो. आता फ्रेंच आणि जर्मन तरुण भेटले की पुष्कळदा इंग्रजीत बोलतात. २०२३ मध्ये जर्मनीने फ्रान्समधली काही गोएथे केंद्रं, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीची सरकारी केंद्रं, बंद करायचं जाहीर केलं, त्यात खुद्द स्ट्रासबुर्ग होतं. याला मी अपयश म्हणेन की यश, हे मला ठरवता आलेलं नाही. शेजारी इतका निरुपद्रवी वाटू लागला की त्याची भाषा शिकायची निकड उरली नाही, असंही म्हणता येईल.

इतिहासाच्या पुस्तकाची गोष्टही अशीच संमिश्र. एलिझे कराराला चाळीस वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनला दोन्हीकडच्या तरुणांची संसद भरली. तिथे मागणी आली की आम्हाला एकच पाठ्यपुस्तक द्या, मजकूर तोच, भाषा फक्त दोन. मोठ्यांना हे सुचलं नव्हतं. २००६ मध्ये पहिला खंड निघाला, मग २००८ आणि २०११ मध्ये पुढचे. गमतीची गोष्ट अशी की पूर्वी ज्यावर रक्त सांडलं त्या युद्धांवर लेखकांचं फारसं अडलं नाही, अडलं ते अमेरिकेकडे कसं पाहायचं यावर. पण वर्गात ते पुस्तक फार पोचलं नाही. परीक्षेचा अभ्यासक्रम दोन्हीकडे वेगळा, आणि मास्तर शेवटी परीक्षेला येतं तेच शिकवतो. हे कुठल्याही मराठी मास्तरला समजावून सांगावं लागणार नाही.

२९ मे २०१६ ला व्हर्दंच्या लढाईच्या शताब्दीचा सोहळा झाला. १९१६ मधल्या त्या दहा महिन्यांत दोन्हीकडचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले होते. ओफाजच्या पुढाकाराने दोन्ही देशांतले हजारो तरुण तिथे आले होते. जर्मन दिग्दर्शक फोल्कर श्लोएन्डॉर्फ याने बसवलेल्या प्रसंगात तीन हजार चारशे तरुण रंगीत कपड्यांत जंगलातून धावत निघाले आणि दुओमोंच्या दफनभूमीत, सोळा हजार थडग्यांच्या मधून, ढोलांच्या तालावर पळत गेले. मग मृत्यूची आकृती आली आणि सगळे जमिनीवर कोसळले. फ्रान्समध्ये वादळ उठलं. थडग्यांमधून पोरं पळवता, ही कसली मानवंदना? मला तो प्रसंग आवडतो आणि टीकाही पटते. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या गर्दीत कुठला पोरगा कुठल्या देशाचा हे दिसायची काही सोय नव्हती, आणि वाद पेटला तो मेलेल्यांच्या मर्यादेवरून.

नक्कल

ओफाजची नक्कल पहिल्यांदा जर्मनी आणि पोलंडने १९९१ मध्ये केली. दुसरी नक्कल जास्त अवघड जागी झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये बेलग्रेडला सर्बिया आणि अल्बेनिया यांचा फुटबॉल सामना चालू असताना मैदानावर एक ड्रोन आलं. त्याला ‘बृहद् अल्बेनिया’चा, म्हणजे शेजाऱ्यांचा मुलूखही अल्बेनियात दाखवणारा, नकाशा असलेला झेंडा लटकत होता. खेळाडूंमध्ये मारामारी झाली, प्रेक्षक मैदानात घुसले, सामना सोडून द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात अल्बेनियाचे पंतप्रधान एडी रामा बेलग्रेडला गेले. अडुसष्ट वर्षांत तिथे गेलेले ते पहिलेच अल्बेनियन पंतप्रधान. ४ जुलै २०१६ ला पॅरिसमध्ये पश्चिम बाल्कनच्या सहा सरकारांनी प्रादेशिक युवा सहकार्य कार्यालयाच्या करारावर सह्या केल्या. कचेरी तिरानात, नमुना ओफाजचा. मंडळावर प्रत्येकाचा एक सरकारी प्रतिनिधी आणि एक तरुणांचा.

आपल्याकडे याद्या कधी झाल्याच नाहीत. मे २०१७ मध्ये लाहोरहून दिल्लीला विद्यार्थी आणि शिक्षकांचा पन्नासेक जणांचा गट आला होता. त्याच दिवसांत नियंत्रण रेषेवर दोन भारतीय जवानांच्या मृतदेहांची विटंबना झाली. ही वेळ योग्य नाही असं सरकारने यजमान संस्थेला कळवलं आणि मुलं दोन दिवसांत परत गेली. त्या क्षणी दुसरं काय करता आलं असतं ते सांगणं अवघड आहे. पण कार्यक्रम एका स्वयंसेवी संस्थेच्या निमंत्रणावर आणि व्हिसाच्या शिक्क्यावर उभा होता. ज्यावर दोघांच्याही सह्या लागतील असा पैसा, असं मंडळ, असा करार मागे काहीच नव्हता.

बाल्कनमध्ये अडचण याहून कमी नाही. सर्बिया कोसोव्होला देश मानतच नाही, आणि तरीही दोघे त्या मंडळावर आहेत. म्हणून तिथल्या कागदपत्रांत ‘देश’ हा शब्द टाळून ‘करारातील पक्ष’ असं लिहितात. बेलग्रेडची एखादी शाळा आणि प्रिश्टिनाची एखादी शाळा मिळून अर्ज करतात, रकान्यात आपापल्या पक्षाचं नाव भरतात, आणि खाली बसभाड्याचा हिशेब जोडतात.